पिकाचूला मराठी कोण शिकवणार?



मुलं मोबाईलवर किती वेळ खेळतात यावर आपण खूप बोलतो. पालक सभेत तर हाच विषय पहिला निघतो. पण मुलं कोणत्या भाषेत खेळतात, हा प्रश्न मी आजवर कोणत्याही सभेत ऐकलेला नाही. आज तोच तुमच्यासमोर ठेवते आहे.

मधल्या सुट्टीत मुलांचं बोलणं जरा कान देऊन ऐका. "लेव्हल अप झालो", "मिशन फेल गेलं", "रिवॉर्ड भेटला". जालना जिल्ह्यातल्या खेड्यातलं चौथीचं लेकरू हे शब्द सहज बोलतं. त्यातल्या बऱ्याच जणांना पडद्यावरचं इंग्रजी वाक्य वाचता येत नाही. हिरवं बटण म्हणजे पुढे, लाल म्हणजे मागे, एवढ्या अंदाजावर खेळ चालतो. खेळात गोष्ट असेल, पात्रं एकमेकांशी बोलत असतील, तर तो सगळा मजकूर मुलं बोटाने पुढे ढकलून देतात. म्हणजे त्यांच्या वाट्याला खेळातली पळापळ आणि मारामारीच येते, गोष्ट येतच नाही.

गोष्ट असलेले, निवांत, वेगळ्या चवीचे खेळ जपानमध्ये खूप बनले. ते खेळ जपानी भाषेतून इंग्रजीत कसे गेले, ही हकीकत आपल्यासारख्या भाषा शिकवणाऱ्या माणसांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. म्हणून थोडं जपानकडे जाऊ या.

मामाच्या गावाचा खेळ

पोकेमॉन सगळ्यांना माहीत आहे. तो खेळ जपानमध्ये १९९६ साली आला आणि दोनच वर्षांत अमेरिकेत पोचला. पण तो मोठा खेळ. छोट्या, मोजक्या लोकांना आवडणाऱ्या खेळांचं नशीब वेगळं असतं.

२००० साली जपानमध्ये 'बोकु नो नात्सुयासुमी' नावाचा खेळ आला. नावाचा अर्थ 'माझी उन्हाळ्याची सुट्टी'. साल १९७५. नऊ वर्षांचा एक मुलगा ऑगस्ट महिना घालवायला नातेवाइकांकडे खेड्यात जातो. एकतीस दिवस तो किडे पकडतो, मासे धरतो, रानात भटकतो, रात्री चित्रांची रोजनिशी लिहितो. बस्स, एवढाच खेळ. कुणाला हरवायचं नाही, कुणाला मारायचं नाही.

वाचताना तुम्हाला मामाचा गाव आठवला की नाही? जपानमध्ये हा खेळ इतका आवडला की त्याचे पुढचे भागही निघाले. पण इंग्रजीत तो अधिकृतपणे आला नाही. त्याच कर्त्याने, काझ आयाबे यांनी, २०२१ मध्ये तशाच धर्तीचा खेळ आपल्या मुलांच्या लाडक्या शिनचानला घेऊन बनवला आणि तो २०२२ मध्ये इंग्रजीत आला. त्यांचाच 'नात्सु-मोन' २०२३ मध्ये जपानमध्ये आणि २०२४ मध्ये इंग्रजीत आला. म्हणजे जपानी खेड्यातली सुट्टी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपर्यंत पोचायला वीस वर्षांहून जास्त काळ लागला.

का लागतो एवढा वेळ? पहिलं कारण मजकूर. 'ट्रेल्स इन द स्काय' या खेळात पात्रं इतकी बोलतात की वाचायला बसलं तर जाडजूड कादंबऱ्या मागे पडतील. त्याचा पहिला भाग जपानमध्ये २००४ साली आला, इंग्रजीत २०११ साली. दुसरा भाग जपानमध्ये २००६ ला आणि इंग्रजीत थेट २०१५ ला. दुसरं कारण पैसा आणि भीती. भाषांतरावर एवढा खर्च करायचा, आणि घेणारेच मोजके निघाले तर?

मग हे खेळ आले कसे? हट्टामुळे. 'मदर ३' हा खेळ २००६ साली जपानमध्ये आला, पण कंपनीने तो इंग्रजीत काढला नाही. तेव्हा खेळणाऱ्यांच्याच एका गटाने रात्री जागून, बिनपैशाने, अख्ख्या खेळाचं भाषांतर केलं आणि २००८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. अमेरिकेत २०११ साली खेळणाऱ्यांनी 'ऑपरेशन रेनफॉल' नावाची मोहीम उभारली. तीन जपानी खेळ आमच्याकडेही विकायला आणा, एवढीच मागणी. पत्रं पाठवली, मेल पाठवले, पिच्छा पुरवला. त्या तीनपैकी 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स' २०१२ मध्ये अमेरिकेत आला.

मला यातून एक गोष्ट दिसते. बाजार तयार आहे म्हणून भाषांतर झालं, असं इथे घडलं नाही. आधी कुणाला तरी त्या गोष्टीचं वेड लागलं, त्याने ती आपल्या भाषेत आणायचा ध्यास घेतला आणि बाजार मागून आला.

शब्द बदलले म्हणजे भाषांतर झालं का?

खेळ दुसऱ्या भाषेत नेण्याच्या कामाला स्थानिकीकरण म्हणतात. नाव जड आहे, काम आपल्या ओळखीचं आहे. शब्द बदलायचेच, पण विनोद, नावं, खाणं, सण, नाती यांचंही काय करायचं ते ठरवायचं.

एक उदाहरण घ्या. 'ग्याकुतेन साइबान' हा वकिलाचा खेळ जपानमध्ये २००१ साली आला. नायकाचं आडनाव नारुहोदो. जपानीत 'नारुहोदो' म्हणजे 'अच्छा, असं आहे होय!' इंग्रजीत २००५ साली आला तेव्हा नायक झाला फिनिक्स राइट, आणि जपानी शहराचं झालं अमेरिकेतलं लॉस एंजेलिस. खेळातल्या मायाला रामेन, म्हणजे शेवयांचा रस्सा, आवडायचा. तिला बर्गर आवडायला लागले! पण याच मालिकेतला 'द ग्रेट एस अ‍ॅटर्नी' हा खेळ शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या जपानमध्ये आणि लंडनमध्ये घडतो. तो इंग्रजीत आणताना जपान पुसणं शक्यच नव्हतं. २०१५ चा तो खेळ २०२१ मध्ये इंग्रजीत आला, आणि त्यात जपानी नावं, जपानी देश तसाच राहिला. खेळणाऱ्यांचं काही अडलं नाही.

हे दोन्ही रस्ते मराठीला जुने आहेत. देवलांनी १८९० साली शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. पुलंनी १९७५ साली शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली, तेव्हा लंडनच्या रस्त्यावरची एलायझा आपली मंजुळा झाली. हा पहिला रस्ता. दुसऱ्या रस्त्याचं उदाहरण तर आपल्या बहुतेक शिक्षकांच्या कपाटात आहे: 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांचं पुस्तक, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेलं. तिथे तोत्तोचानची तारामती केलेली नाही. कोबायाशी गुरुजी कोबायाशीच राहिले, रेल्वेच्या डब्यातली तोमोए शाळा जपानमध्येच राहिली. तरी मराठवाड्यातल्या शिक्षकाला ती शाळा परकी वाटत नाही.

कोणता रस्ता चांगला? माझं मत असं की मुलांसाठी दुसरा. पोकेमॉनच्या अमेरिकन मालिकेत ओनिगिरी, म्हणजे भाताचे वळलेले गोळे, पडद्यावर स्पष्ट दिसत होते आणि पात्रं त्यांना डोनट म्हणत होती. अमेरिकन मुलांना भाताचा गोळा झेपणार नाही असं मोठ्यांनी परस्पर ठरवलं. मुलं एवढी कच्ची नसतात. ज्याने घरी भाकरी खाल्ली आहे त्याला जपानी मुलाने भाताचा मुटका खाल्लेला चालतो. उलट 'ते लोक पण भातच खातात की!' हे कळण्यात मजा आहे.

जपानी आपल्याला जवळची आहे

आता भाषेच्या शिक्षकांसाठी एक गंमत सांगते. जपानी इंग्रजीत नेताना जे अडतं, त्यातलं पुष्कळसं मराठीत अडणारच नाही.

वाक्यरचना बघा. आपण म्हणतो, 'मी आंबा खाल्ला'. क्रियापद शेवटी. जपानीतही शेवटी. आपण 'घरात', 'घरी', 'घरून' असं शब्दाला मागे जोडतो. जपानीही मागेच जोडते. मोठ्यांशी आणि बरोबरीच्यांशी बोलायची तऱ्हा दोन्हीकडे वेगळी. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'; आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. 'सान', 'चान' यांचं काय करायचं म्हणून इंग्रजीवाले डोकं खाजवतात. आपल्याकडे ताई, दादा, बाई, राव, जी तयारच आहेत.

ध्वनीचे शब्द घ्या. धडधड, लखलख, रिमझिम, गुटगुटीत. अशा शब्दांनी जपानी नुसती भरलेली आहे. पिकाचूचं नावच बघा ना. 'पिका' म्हणजे लखकन चमकणं आणि 'चू' म्हणजे उंदराचा आवाज. आपला उंदीरही चूं चूंच करतो!

काही ठिकाणी मात्र मराठीला जास्त कष्ट पडतील. जपानी क्रियापदावरून बोलणारा मुलगा की मुलगी ते कळत नाही. आपल्याकडे 'मी जातो' आणि 'मी जाते'. खेळणारं लेकरू मुलगी असेल तर वाक्य वेगळं हवं. नातीही तशीच. खेड्यातलं ते घर मामा-मामीचं की काका-काकूंचं, हे ठरवल्याशिवाय पहिलं वाक्यसुद्धा लिहिता येणार नाही. अक्षरांचीही अडचण आहे. जुन्या फॉन्टमधली फाईल उघडल्यावर पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली आणि जोडाक्षरं फुटलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. खेळ बनवण्याच्या साधनांतही देवनागरीची हीच फजिती होते, मुद्दाम काम केल्याशिवाय ती नीट उमटत नाही. पण हे सगळे सुटणारे प्रश्न आहेत. लिहिणारी आणि तपासणारी माणसं हवीत.

मग मराठीत का नाही?

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटींहून जास्त होते. नेदरलँड्सची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. तरी 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' या जपानी खेळाच्या २०२० च्या भागात डच भाषा आहे. कारण उघड आहे. तिथली माणसं खेळ विकत घेतात आणि स्वतःच्या भाषेत मागतात. आपण फुकटचा खेळ उतरवतो आणि इंग्रजीत मुकाट्याने खेळतो. मग कंपनीने कुणासाठी मेहनत घ्यायची?

मागणी दिसली की चित्र बदलतं. २०२३ मध्ये 'पोकेमॉन गो' हिंदीत आला, शेकडो पोकेमॉनना हिंदी नावं मिळाली. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने 'राजी' नावाचा सुंदर खेळ २०२० मध्ये बनवला. त्यातली राजी आधी इंग्रजीत बोलायची. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदीत बोलू लागली. शिनचान आणि डोरेमॉन तर आपल्या मुलांना हिंदीतूनच भेटले. हिंदीला माझा विरोध नाही. पण मुलाच्या मनात हळूहळू काय बसतं ते बघा. खेळ इंग्रजीत, कार्टून हिंदीत, आणि मराठी कशात? स्वाध्यायात. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तरे लिहा. मराठी म्हणजे परीक्षेची भाषा!

माझी खरी काळजी ही आहे. कार्यालयात आणि पुस्तकात भाषा टिकवण्यासाठी आपण भांडतो. पण मुलांचं सगळं मन खेळात असतं. खेळातून जी भाषा उठली, ती मुलांच्या तोंडातून उठायला किती दिवस लागतील?

आणि मराठी काही खेळात गरीब नाही. भिडू, गडी, डाव, राज्य, चकवा, विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या. मैदानावर हे शब्द पिढ्यान् पिढ्या घुमले. पडद्यावर मात्र 'गेम ओव्हर'च्या जागी आपल्याला 'खेळ समाप्त' असं सरकारी पाटीसारखं सुचतं. माझ्या वर्गातल्या मुलांना विचारलं तर एकजण पटकन म्हणाला, "डाव खल्लास!" सांगा, कोणतं मराठी जिवंत आहे?

वर्गात काय करता येईल?

जपानी खेळ मराठीत आणणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण त्यासाठी लागणारी माणसं आज आपल्या वर्गात बसली आहेत. म्हणून काही साधे उपक्रम सुचवते. मोबाईल लागत नाही, फळा पुरतो.

१. खेळातले दहा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहा: स्टार्ट, लाइफ, लेव्हल, लोडिंग, रिवॉर्ड, गेम ओव्हर वगैरे. मुलांना म्हणा, मैदानावर आपण काय म्हणू ते सांगा. 'लोडिंग'ला एका मुलीने सुचवलं, "थांब जरा, येतंय." यापेक्षा चांगलं मला नसतं सुचलं.

२. नाव ठेवा. पाठीवर बी घेऊन फिरणारा एक पोकेमॉन आहे. जपानी नाव 'फुशिगिदाने', त्यात 'विचित्र' आणि 'बी' हे दोन अर्थ दडले आहेत. बियाण्यांसाठी नावाजलेल्या जालन्याच्या मुलांपेक्षा याला चांगलं नाव कोण देणार? आमच्याकडे 'बियाणराव', 'कोंबासूर', 'बीजोबा' अशी नावं निघाली आणि कोणतं घ्यायचं यावर तास संपेपर्यंत वाद झाला. समास आणि संधी न शिकवता शिकवून झाले!

३. एकच वाक्य चार जणांना बोलायचं आहे: आजीला, मित्राला, बाईंना, लहान भावाला. प्रत्येक वेळी ते बदलून लिहा. आदरार्थी रूपांचा याहून चांगला सराव नाही.

४. घरची भाषा वर्गात येऊ द्या. हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. आपल्या जिल्ह्यात मराठीबरोबर बंजारा, उर्दू, हिंदी बोलणारी मुलं एकाच बाकावर बसतात. मराठी बोलणाऱ्यांच्या घरीसुद्धा पुस्तकातलं 'शेत' हे 'वावर' असतं, 'बटाटा' हा 'आलू' आणि 'पेरू' हा 'जांब'. आपण शिक्षक रोज पुस्तकातल्या मराठीचं स्थानिकीकरणच तर करत असतो. एरवी गप्प बसणारं तांड्यावरचं लेकरू, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" असं विचारल्यावर उभं राहून बोलतं, कारण त्या एका प्रश्नाचं उत्तर वर्गात फक्त त्यालाच येत असतं. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने आई-बापासोबत गावोगाव फिरणाऱ्या मुलाला आपण निदान एवढं सांगू शकतो की तुझी भाषा कमी नाही.

पालकांचा प्रश्न

तुमच्या मनात आलंच असेल, "बाई, आम्ही पोरांना मोबाईलपासून लांब ठेवायला बघतो आणि तुम्ही मराठीत गेम मागता?" प्रश्न रास्त आहे. वेळेची मर्यादा हवीच, त्यात तडजोड नको. पण जो अर्धा तास लेकरू खेळणारच आहे, तो अर्धा तास त्याने चित्रविचित्र बटणं दाबत घालवावा, की चार वाक्यं वाचून, समजून, हसून घालवावा? खेळात पुढे जायचं असेल तर मूल वाचतं. त्याला कुणी 'वाच' म्हणावं लागत नाही. वाचनासाठी असं कारण आपण वर्गात किती वेळा देऊ शकतो?

दुसरा प्रश्न येतो, "इंग्रजीत खेळून इंग्रजी तर सुधारतं ना?" जे मूल वाचू शकतं त्याचं थोडं सुधारत असेल. जे मूल नुसतं रंग बघून बटण दाबतं त्याचं इंग्रजीही सुधारत नाही आणि मराठीही नाही.

आणखी एक. भाषांतराच्या नावाखाली कुणी चोरीच्या प्रती वाटत असेल तर त्या घेऊ नका. दुसऱ्याची निर्मिती विकत घेणं, आणि ती आपल्या भाषेत द्या असं कंपनीला लिहिणं, हा सरळ मार्ग आहे.

सुरुवात घरापासून करू या. फोनच्या सेटिंगमध्ये भाषा 'मराठी' करता येते. किती फोन कोणत्या भाषेत चालतात याचा हिशोब कंपन्या ठेवतात, आणि त्या हिशोबात मराठीच्या ८ कोटींपैकी आपण दिसतच नाही. आज संध्याकाळी तुमच्या फोनची भाषा बदला. आठ दिवस अडखळाल, मग सवय होईल. शेजारी लेकराला बसवा आणि त्यातले जे मराठी शब्द अवघड, कोरडे वाटतील त्यांच्या जागी दुसरा शब्द काय हवा, ते त्यालाच विचारा. वहीत लिहून ठेवा. उद्या कुणी मराठीत खेळ आणायला निघालं, तर त्याला ही वही लागणार आहे.